रिंग थोडी खाली आणा

सोमवारची ओपीडी म्हणजे जत्रा. शनिवार-रविवारचं साचलेलं सगळं दुखणं एकाच सकाळी दारात उभं असतं. अशाच एका सोमवारी एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. "मॅडम, हिची कंबर दुखतेय. तीन आठवडे होऊन गेले." मुलगी उंच, सडपातळ, शाळेच्या बास्केटबॉल संघातली. ताप नाही, पडल्याचं आठवत नाही, पायाला मुंग्या नाहीत. मी तिला पुढे वाकायला सांगितलं, ती बऱ्यापैकी वाकली. दप्तर किती जड आहे, असं विचारलं. आई लगेच म्हणाली, "अहो, माझ्याच्याने उचलत नाही, तर तिची काय कथा!" झालं. माझं निदान तिथेच पक्कं झालं. केसपेपरवर दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या, दप्तर हलकं करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

महिन्याने ती परत आली. दप्तर हलकं झालं होतं, कंबर तशीच होती. या वेळी मी तिला आमच्या अस्थिरोग विभागातल्या तरुण सहकाऱ्याकडे पाठवलं. त्याने तिला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. ती कळवळली. दुपारी तो मला येऊन म्हणाला, "मॅडम, पुढे वाकताना हिला फारसं दुखत नाही, मागे वाकताना दुखतंय. ही दप्तराची कंबर नाही." एक्स-रेत काही दिसलं नाही. मेडिकल कॉलेजात पाठवून एमआरआय केला, तेव्हा कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या भागात हाड ताणाने सुजल्याची खूण सापडली. चीर पडली नव्हती, पण पडायच्या बेतात होती.

तीन महिने खेळ बंद, असं सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला. मुलीने मात्र वेगळंच विचारलं. "मॅडम, तोपर्यंत माझा शॉट जाईल का?"

मी तिला काहीतरी धीराचं बोलले. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. तिची कंबर आणि तिचा शॉट यांचा काही संबंध असेल का, हे मी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही ही माझी चूक. ती निस्तरायची म्हणून एका संध्याकाळी मी थेट त्यांच्या शाळेच्या मैदानावर गेले.

मैदानावर काय दिसलं

सिमेंटचं कोर्ट, दोन खांब, त्यातल्या एकाच खांबावर रिंग शाबूत. पाचवीपासून दहावीपर्यंतची चाळीस-पन्नास मुलं आणि खेळाचे एकच सर. मुलं फ्री थ्रोच्या रेषेमागे रांगेत उभी. प्रत्येकाने बॉल मारायचा, धावत जाऊन आणायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा आणि परत रांगेच्या शेवटी जायचं. बॉल सगळ्यांना एकच, ७ नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांच्या सामन्यात असतो तो.

मी लहान मुलांकडे बघत राहिले. जेमतेम साडेचार फुटांची मुलगी तो बॉल दोन्ही हातांनी कमरेपाशी नेते, उजव्या खांद्यामागे ओढते, पोट पुढे काढून पाठीची कमान करते आणि सगळं अंग झोकून बॉल भिरकावते. बॉल रिंगला लागला तरी रांगेतून टाळ्या. दहातला एखादा आत जातो. मग ती कमान जरा जास्त करते, कारण तसं केल्यावर बॉल थोडा वर जातो, हे तिच्या शरीराला कळलेलं असतं.

कमरेच्या मणक्यांना मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. त्या कमानीत दोन्ही बाजूंना एक-एक अरुंद पूल असतो. आपण मागे वाकतो तेव्हा भार त्या पुलावर येतो. एकदा-दोनदा वाकल्याने काही होत नाही. पण वाढीच्या वयात, जेव्हा हाडं भराभर लांब होत असतात आणि मांडीमागचे स्नायू त्यामानाने आखडलेले असतात, तेव्हा तोच ताण रोज शेकडो वेळा आला तर पूल हळूहळू थकतो. आधी सूज, मग बारीक चीर. याला आम्ही स्पॉन्डिलोलिसिस म्हणतो. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली आणि क्रिकेटमधले कोवळे वेगवान गोलंदाज यांच्यात हे दुखणं ओळखीचं आहे. दोन्ही बाजूंचे पूल तुटले तर मणका पुढे सरकू शकतो. वेळेवर ओळखलं आणि विश्रांती दिली, तर बहुतेक मुलं पूर्ववत खेळू लागतात.

माझ्या पेशंटचं दुखणं केवळ शॉटमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वर्षभरात तिची उंची भराभर वाढली होती, सिमेंटवरच्या उड्या होत्या, संघात निवड व्हावी म्हणून घरी वेगळा सराव होता. पण ती पाचवीपासून याच रांगेत उभी होती आणि याच कमानीने बॉल मारत होती. उंची वाढली, तरी शॉट तोच राहिला.

सरांना दोष द्यायला मी गेले नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, तालुक्याच्या सामन्याला रिंग हीच, बॉलही मोठाच हातात येतो. मग लहान बॉल, खाली रिंग यांची सवय लावून उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. पालकांच्या मनातही तोच असतो. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी ही रिंग दहा फुटांवर आली कशी, ते बघायला हवं.

दहा फुटांचं गौडबंगाल

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड इथल्या वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक पेचात होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामशाळेत कवायतीला कंटाळलेली तरुण पोरं. त्यांना आत खेळता येईल असा, अंगाला अंग न भिडणारा खेळ हवा होता. नेस्मिथनी पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या घेतल्या आणि व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन टोकांना ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. बास्केटबॉलची उंची दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, ती अशी ठरली. त्यामागे शरीरशास्त्र नव्हतं, कसला हिशेब नव्हता. कठडा जिथे होता तिथे टोपली लागली. आणि समोर खेळायला उभे होते ते मिशा फुटलेले जवान, पाचवीतली मुलं नव्हे.

आम्हा डॉक्टरांना जवळचा वाटेल असा एक तपशील सांगते. हेच नेस्मिथ पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९८ मध्ये डॉक्टर झाले. आपण ठोकलेली टोपली सव्वाशे वर्षांनी दहा वर्षांच्या मुलांनाही त्याच उंचीवर दिली जाते, हे त्यांना पटलं असतं असं मला वाटत नाही.

थोडं गणित करू. पुरुषांचा ७ नंबरचा बॉल सुमारे ६०० ग्रॅमचा. पस्तीस किलोच्या मुलाने तो फेकणं म्हणजे पंचाहत्तर किलोच्या माणसाने जवळजवळ पावणेतेरा शे ग्रॅमचा, म्हणजे सव्वा किलोहून जड बॉल फेकणं. उंचीचंही तसंच. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला दहा फुटांवरची रिंग जेवढी दूर, तेवढी १७० सेंटिमीटरच्या माणसाला दूर वाटायची, तर रिंग बारा फुटांच्याही थोडी वर टांगावी लागेल. सव्वा किलोचा बॉल, बारा फुटांवर रिंग, आणि सांगायचं की शैली सांभाळून मार! तुम्ही-आम्हीसुद्धा पोट पुढे काढून भिरकावूच.

हे जगाने फार पूर्वी ओळखलं. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन गावी जे आर्चर या प्रशिक्षकाने मुलांसाठी छोटा बॉल आणि खालची रिंग घेऊन खेळ सुरू केला. त्यातून मिनी बास्केटबॉल जगभर पसरला. त्यात रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांवर असते आणि बॉल ५ नंबरचा. मोठ्या बायकांच्या सामन्यांतही आता ६ नंबरचा, थोडा लहान आणि हलका बॉल असतो. मी शाळेत खेळत होते तेव्हा आम्हा मुलींच्या हातात मुलांचाच बॉल यायचा. त्याची आठवण माझ्या उजव्या खांद्याला अजून आहे, ते पुढे सांगते.

शॉट पायातून येतो

बघणाऱ्याला वाटतं बॉल हाताने मारला जातो. खरं तर हात फक्त शेवटचं काम करतो. चांगला शॉट तळपायापासून सुरू होतो. घोटा, गुडघा, खुबा, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट, अशी ताकद खालून वर चढत जाते, विहिरीवर माणसांची साखळी करून बादली वर देतात तशी. साखळीतला एक जण ढिला पडला की पुढच्याला जास्त ओढावं लागतं. पाय वाकलेच नाहीत, तर ती उणीव कंबर आणि खांदा भरून काढतात. दुखणं तिथे सुरू होतं.

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई आणि खेळाचे सर या दोघांकडून मी जे समजून घेतलं, ते साध्या शब्दांत असं आहे. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ. बॉल तळव्यात नाही, बोटांच्या पेरांवर टेकलेला, तळवा आणि बॉल यांच्यात थोडी फट. मारणाऱ्या हाताचं कोपर साधारण बॉलच्या खाली. दुसरा हात बाजूने नुसता आधाराला, त्याने ढकलायचं नाही. गुडघे सरळ होता होता बॉल वर जातो, कोपर सरळ होतं आणि शेवटी मनगट पुढे पडतं, फडताळाच्या वरच्या फळीवरच्या डब्यात हात घालताना पडतं तसं. बॉल रिंगपर्यंत पोचेस्तोवर हात वरच राहू द्यायचा. मनगट नीट पडलं तर बॉल उलटा फिरत जातो, म्हणजे त्याची वरची बाजू आपल्याकडे वळत राहते. असा फिरणारा बॉल रिंगच्या कडेला किंवा बोर्डला लागला की त्याचा वेग मरतो आणि तो आत पडण्याची शक्यता वाढते. कोपराचा कोन प्रत्येकाच्या खांद्याप्रमाणे थोडा वेगळा असणार. अगदी नाकासमोर आणण्यासाठी मुलाचा हात पिरगाळायचं कारण नाही.

आता बॉल उंच का मारायचा? घरातली वाटी हातात घ्या. वरून बघितलं तर तोंड पूर्ण गोल दिसतं. डोळा खाली नेत जा, ते तोंड चपटं होत जातं. बॉललाही रिंग तशीच 'दिसते'. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, मोठ्या बॉलचा सुमारे २४. बॉल ४५ अंशांत उतरला तर त्याला मिळणारी वाट सुमारे ३२ सेंटिमीटरची, म्हणजे चुकायला थोडी जागा उरते. ३० अंशांत उतरला तर वाट साडेबावीसची, म्हणजे बॉलपेक्षाही अरुंद. तो कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या सिल्व्हरबर्ग आणि ट्रान या संशोधकांनी २००८ मध्ये संगणकावर लाखो फ्री थ्रो मारून पाहिले. साडेसहा फूट उंचीच्या खेळाडूसाठी त्यांना सर्वांत फायद्याचा दिसला तो सुमारे ५२ अंशांत वर जाणारा आणि सेकंदाला तीन उलटे फेरे घेणारा शॉट.

साडेचार फुटांची मुलगी मोठा बॉल ५२ अंशांत मारू शकत नाही. तेवढी ताकद नसते. मग ती एकतर सपाट मारते, किंवा कंबर मोडून वर फेकते. पहिल्यात बास्केट होत नाही, दुसऱ्यात कंबर जाते. म्हणून सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की, खालच्या रिंगवर मुलाला सोपी सवय लागत नाही, योग्य हालचालीची सवय लागते. मूल वाढतं तशी रिंग वर नेता येते. चुकीची हालचाल एकदा अंगात मुरली की ती काढणं मात्र महाकठीण.

किती महाकठीण, ते स्टीफन करीला विचारा. आज लांबून बॉल मारण्यात त्याचं नाव जगात पहिलं घेतात. पण शाळकरी वयात तो लहानखुरा होता आणि ताकद पुरत नाही म्हणून कमरेजवळून बॉल मारायचा. वडील डेल करी स्वतः व्यावसायिक खेळाडू. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडून डोक्यावरून मारायला शिकवला. त्या सुट्टीत कित्येक आठवडे त्याला रिंगपासून थोडं लांबूनसुद्धा धड बॉल टाकता येत नव्हता. घरात शिकवणारा बाप होता म्हणून ते निभावलं. आपल्या शाळेतल्या पोरांना असा बाप कुठून आणायचा? त्यांना पहिल्यापासून बरोबर शिकवणं हेच स्वस्त.

दोनशे बॉलचा मोह

आता सरावाबद्दल. त्या मुलीने मला अभिमानाने सांगितलं होतं, "मी रोज दोनशे मारते." पालकही तेच मोजतात. पण शरीर आकडा मोजत नाही, त्याला नुसती हालचाल कळते. पहिले चाळीस बॉल नीट जातात, मग पाय थकतात, गुडघे वाकेनासे होतात आणि उरलेले एकशे साठ बॉल मूल कमरेने मारतं. म्हणजे रोज चाळीस वेळा बरोबर आणि एकशे साठ वेळा चूक गिरवायची. शुद्धलेखनाच्या वहीत चुकलेला शब्द शंभरदा लिहून घेतला तर तो चुकलेलाच पाठ होणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सुरुवात रिंगपासून हातभर अंतरावर, उडी न मारता, एका हाताने. तिथे लागोपाठ नीट जमलं की एक पाऊल मागे. ज्या पावलावर पाठ मागे वाकायला लागते किंवा दुसरा हात ढकलायला लागतो, तिथून एक पाऊल पुढे यायचं. त्या दिवसाची मर्यादा ती. थकल्यावर थांबायचं, उरलेला सराव उद्या. शिकलेली हालचाल मेंदूत पक्की व्हायला झोपही लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला मैदान, हा तपश्चर्येचा नव्हे, तोट्याचा व्यवहार आहे.

शैली बसली की अंतर बदलत राहावं. केर आणि बूथ यांचा १९७८ मधला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. आठ वर्षांच्या काही मुलांनी तीन फुटांवरून छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने फक्त दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. मग सगळ्यांची परीक्षा तीन फुटांवर घेतली, तर दुसरा गट सरस ठरला. बदलत्या अंतरावर मेंदूला प्रत्येक वेळी नव्याने अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज बांधणं म्हणजेच शिकणं. एकाच रेषेवर रांग लावून उभं राहिलेल्या आपल्या मुलांना ही संधी मिळत नाही.

आणि नजर. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये चांगल्या आणि मध्यम खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चांगले खेळाडू फ्री थ्रो मारण्याआधी रिंगच्या एकाच जागी जवळजवळ सेकंदभर नजर स्थिर ठेवत होते. मध्यम खेळाडूंची नजर भिरभिरत होती. मुलांना सांगायला ही किती सोपी गोष्ट आहे: आधी बघ, मग मार.

आपण कमीपणा मानतो

इतकं सरळ आहे तर आपण करत का नाही? पैसा हे एक कारण. पण मला वाटतं मोठं कारण लाज आहे. रिंग खाली आणली की ती 'बच्चे लोगांची' होते. पालकांना मुलगा मोठ्या बॉलने, लांबून मारताना बघायचा असतो, व्हिडिओ काढायचा असतो.

ही लाज थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. विल्ट चेंबरलेन हा अमेरिकेतला सात फुटी महाबलाढ्य खेळाडू, पण फ्री थ्रोमध्ये कच्चा. एका हंगामात त्याने दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून वर उचलून बॉल टाकायची पद्धत घेतली. दिसायला ती बायकी, पोरकट समजली जायची. पण २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात शंभर गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो याच पद्धतीने आत गेले. तरीही पुढे त्याने ती सोडली. आपण बावळट दिसतो असं वाटत होतं, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं. त्याच काळापाठोपाठ आलेला रिक बॅरी लोक हसले तरी तीच पद्धत धरून राहिला आणि कारकीर्दभर शंभरातले जवळजवळ नव्वद फ्री थ्रो आत टाकत गेला. काय चांगलं दिसतं आणि काय शरीराला झेपतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळांना माझी विनंती एवढीच. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सळीची एक रिंग करून घ्या आणि भिंतीवर साडेआठ फुटांवर बसवा. जागा असेल तर दोन बसवा, रांगही कमी होईल. पुढच्या वेळी क्रीडासाहित्य मागवताना चार मोठ्या बॉलऐवजी दोन मोठे, दोन ५ नंबरचे मागवा. आणि ज्यांच्या हातात लहान गटाचे सामने भरवणं आहे, त्यांनी तिथे लहान बॉल आणि खालची रिंग ठेवली, तर सरांची अडचण मुळातूनच सुटेल. सर चुकत नाहीत, ते सामन्यासाठी मुलं तयार करतात. सामनाच मुलांच्या मापाचा करायला हवा.

पालकांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. एक, खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि मागे वाकताना दुखणं वाढत असेल, तर दप्तरावर ढकलून मोकळे होऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि मूल कोणता खेळ, किती, कसा खेळतं, ते सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा; मी विचारलं नव्हतं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे काही नाही, असंही समजू नका. दोन, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन उड्या मारताना दुखत असेल, तर तेही वाढीच्या वयातलं ओळखीचं दुखणं आहे, ते विश्रांती आणि व्यायामाने आटोक्यात येतं, गोळ्या खाऊन सामना खेळू नये. तीन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काहीही असेल, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

मुलांनी खेळू नये, असा अर्थ कृपया काढू नका. माझ्या ओपीडीत खेळून आजारी पडलेल्या मुलांपेक्षा न खेळता बसून राहिलेली मुलं कितीतरी जास्त येतात. आणि मूल खेळ सोडतं ते बहुतेक वेळा दुखण्याने नव्हे, तर जमत नाही म्हणून. दहातला एकच बॉल आत जात असेल, तर कुठलं पोर महिनाभर टिकेल?

चार महिन्यांनी ती मुलगी भेटली. कंबर दुखायची थांबली होती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पोटाचे आणि खुब्याचे व्यायाम करून घेतले होते, आणि सरांनी तिला पहिले काही आठवडे रिंगखालून, लहान बॉलने, उडी न मारता खेळवलं होतं. "मॅडम, आधीचा शॉट गेला," ती म्हणाली. मी क्षणभर गप्प झाले. मग ती हसली. "नवा आलाय. लांबून अजून पोचत नाही, पण आता दुखत नाही. आणि जवळून बरेच जातात."

मीही त्या संध्याकाळी बॉल हातात घेतला. पस्तीस वर्षांनी. पाय जागचे हलले नाहीत, दोन्ही हात छातीपासून निघाले, उजवा खांदा पुढे आला आणि कण्हला. सातवीत मोठ्या बॉलने शिकलेला शॉट मेडिकल कॉलेज, नोकरी, संसार सगळ्यातून माझ्या अंगात तसाच टिकून राहिला होता. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, जवळ या. आणि गुडघे वाकवा."

मी दोन पावलं पुढे गेले.